सोसायटीची नोटीस वाचली जावी म्हणून: नव्या कमिटीसाठी कामाची पद्धत

मंगळवारी टाकी धुणार, सकाळी दहा ते चार पाणी बंद, ही नोटीस शनिवारीच ग्रुपवर पडलेली असते. तरीही मंगळवारी सव्वादहाला गेटवरचा फोन वाजायला लागतो: "पाणी का नाही?" नोटीस शोधायला जावं तर तिच्यावर वाढदिवसाच्या एकोणीस शुभेच्छा, सापडलेल्या चावीचा फोटो, पार्किंगची दोन भांडणं आणि कुणाच्या तरी पुतण्याच्या क्लासची जाहिरात. नवी कमिटी यावरून एकच अर्थ काढते, की लोकांना काही पडलेलं नाही. हा अर्थ बहुतेक वेळा चुकतो. काहींपर्यंत नोटीस पोचलेलीच नसते. काहींकडे पोचते, पण गर्दीत बुडते. आणि काहींनी मागच्या वेळी नोटीस नीट वाचून प्रश्न विचारलेला असतो, त्याला उत्तर आलेलं नसतं. हे शेवटचे लोक परत आणणं सगळ्यांत अवघड, म्हणून या लेखाचा बराचसा भाग त्यांच्यासाठी आहे.

पुढची पद्धत महाराष्ट्रातल्या नोंदणीकृत सहकारी गृहनिर्माण संस्थेसाठी आहे, साधारण ४० ते १५० सदनिकांच्या. हिशेबाला सोपं जावं म्हणून ७२ सदनिका धरल्या आहेत. बारा बिऱ्हाडांची इमारत असेल तर यातलं निम्मं सोडून द्या. जिन्यात उभं राहून हाक मारली तरी काम होतं.

आधी यादी

ग्रुप उघडण्याआधी यादी करा. सदस्यांचं 'आय' रजिस्टर कार्यालयात असतंच, पण त्यात मालक असतात, राहणारे नसतात. मेंटेनन्सच्या बिलावरचे फोन नंबर बहुधा घर घेतलं तेव्हाचे. गेटवरच्या वाहनांच्या यादीत नंबर ताजे असतात, पण ते चालवणाऱ्याचे. या तिन्ही याद्या शेजारी ठेवून एक शीट बनवा. रकाने एवढे पुरतात: सदनिका क्रमांक, सदस्याचं नाव, सहसदस्य, सध्या राहतंय कोण, मोबाइल १, मोबाइल २, ई-मेल, भाषा, आणि 'कसं कळवायचं'. हा शेवटचा रकाना सगळ्यात कामाचा. त्यात तीनच उत्तरं चालतात: व्हॉट्सॲप, फोन, कागद.

फॉर्म घरोघरी कागदावरच द्या. ऑनलाइन पत्ते गोळा करायला ऑनलाइन फॉर्म पाठवला की ज्यांच्यापर्यंत आपण पोचत नाही तेच नेमके सुटतात. एका माणसाला दहा-बारा घरं, म्हणजे ७२ घरांना सहा-सात जण. पहिल्या रविवारी निम्मी घरं बंद असतात, तेव्हा दुसरी फेरी बुधवारी रात्री आठला काढा.

फॉर्मच्या तळाशी एक ओळ हवी: "हा नंबर सोसायटीच्या कामासाठीच वापरला जाईल. ग्रुपमध्ये घेतल्यास तो इतर सभासदांना दिसेल. चालेल / चालणार नाही." ही ओळ उगीच नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये आला, आणि त्याचा पायाच संमती आहे. पण कायदा नसता तरी हे विचारायला हवं होतं. एकट्या राहणाऱ्या मुलीला आपला नंबर ७२ घरांपुढे नको असू शकतो. तिला नोटीस वेगळी पाठवायची, एवढंच. "ग्रुपमध्ये नाही म्हणजे सहकार्य नाही" असं कुणी म्हणालं तर त्याला तिथेच थांबवा.

भाडेकरूंची नोंद सोडू नका. आपल्याकडे करार ११ महिन्यांचे. दर वर्षी पाव-अर्धी यादी शिळी होते. भाडेकरू आला की गेटवर सामान चढवण्याची परवानगी देतानाच त्याचा फॉर्म भरून घ्या. गेला की त्याच दिवशी ग्रुपमधून काढा. सोडून गेलेली माणसं वर्षभर ग्रुपमध्ये राहतात आणि वाचणाऱ्यांचा सगळा हिशेब बिघडवतात.

नंबर सोसायटीचा, ग्रुप दोन

सेक्रेटरीच्या खासगी नंबरावरून कारभार चालवू नका. राजीनामा दिला की ग्रुप त्याच्याबरोबर जातो, आणि रुसवा धरला तर जास्तच लवकर जातो. सोसायटीच्या नावाने एक सिम घ्या, कार्यालयातल्या साध्या स्मार्टफोनमध्ये टाका, त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस बसवा. मूळ फोनशिवाय चार उपकरणं त्याला जोडता येतात, म्हणजे सेक्रेटरी, खजिनदार आणि मॅनेजर तिघेही एकाच नंबरावरून बोलू शकतात. मात्र मूळ फोन १४ दिवसांत एकदाही उघडला नाही तर जोडलेली उपकरणं आपोआप बाहेर पडतात. कपाटात बंद पडलेला फोन हे 'ग्रुप अचानक बंद पडला' याचं नेहमीचं कारण.

आता दोन ग्रुप. पहिला 'सूचना': यात फक्त ॲडमिन लिहितील अशी सेटिंग लावा. यात आठवड्याला तीन-चारपेक्षा जास्त मेसेज जाऊ देऊ नका. शुभेच्छा, श्रद्धांजली, धन्यवाद काहीही नको. दुसरा 'गप्पा', तिथे कुणीही लिहावं. आणि रहिवाशांना तुम्हीच सांगा: गप्पांचा ग्रुप खुशाल म्यूट करा, सूचनांचा करू नका. एकच ग्रुप असला की लोक गुड मॉर्निंगला कंटाळून तो 'कायमचा' म्यूट करतात आणि पाण्याची नोटीसही त्याबरोबर जाते.

सूचना ग्रुपमध्ये मालक आणि भाडेकरू दोघेही. सर्वसाधारण सभा, हिशेब, निवडणूक यांच्या बाबी मात्र फक्त सदस्यांच्या. सभेला बसण्याचा किंवा मत देण्याचा हक्क भाडेकरूला नाही, आणि पाण्याची वेळ कळण्याचा हक्क त्याला पुरेपूर आहे. मोठ्या सोसायटीत म्हणूनच तिसरा, फक्त सदस्यांचा ग्रुप लागतो. त्याहून जास्त ग्रुप काढू नका. विंगनिहाय, मजलानिहाय, महिलांचा, ज्येष्ठांचा असे आठ ग्रुप झाले की एकच नोटीस आठदा पाठवावी लागते आणि सातव्यात ती राहूनच जाते.

ब्रॉडकास्ट यादीच्या, म्हणजे एकच मेसेज अनेकांना वेगवेगळा पाठवणाऱ्या सोयीच्या, मोहात पडू नका. त्यात २५६ नंबर बसतात खरे, पण ज्याने सोसायटीचा नंबर आपल्या फोनमध्ये साठवलेला नाही त्याला तो मेसेज जातच नाही, आणि तुम्हाला त्याचा पत्ताही लागत नाही.

मायगेट, अड्डा, नोब्रोकरहूड यांसारखं ॲप घ्यायचं का, हा प्रश्न पहिल्याच मीटिंगला निघतो. बिलं, पाहुण्यांची नोंद, क्लबहाऊसचं बुकिंग यांना ॲप सोयीचं. सूचनांसाठी एकट्या ॲपवर विसंबू नये, कारण दिवसभर 'डिलिव्हरी आली आहे' वाजतं म्हणून कित्येक घरांत ॲपचा आवाज बंद असतो. घेतलंच तर करार करताना एक विचारून घ्या: सोडताना आपली माहिती शीटमध्ये काढून मिळते का आणि किती दिवसांत.

फोन घेऊन या

रविवारी सकाळी दहा ते बारा गेटपाशी एक टेबल लावा, कॉलेजातली दोन मुलं बसवा, आणि ज्येष्ठांना फोन घेऊन बोलवा. प्रत्येक फोनवर पाच गोष्टी करायच्या: सोसायटीचा नंबर साठवणे, सूचना ग्रुपमध्ये घेणे, तो ग्रुप वर पिन करणे, म्यूट नाही ना ते बघणे, अक्षरं मोठी करणे. एका माणसाला सहा-सात मिनिटं लागतात. बहुतेक फोन 'जागा शिल्लक नाही' म्हणत असतात, त्यामुळे कुठलाच फोटो उघडत नाही. तेव्हा फॉरवर्ड झालेले व्हिडिओ आधी पुसावे लागतात, तेही आजोबांना विचारून. नातवाचा व्हिडिओ चुकून गेला तर पुढच्या रविवारी टेबलापाशी कुणी फिरकणार नाही. काही अँड्रॉइड फोनांत बॅटरी वाचवण्याची सेटिंग मेसेज अडवून ठेवते. व्हॉट्सॲपला त्यातून सूट द्या.

नोटीस लिहायची कशी

एक नेहमीची नोटीस बघा:

"सर्व सभासदांना कळविण्यात येते की, काही तांत्रिक कामास्तव दि. १४ रोजी पाणीपुरवठा खंडित करण्यात येणार आहे. तरी सभासदांनी नोंद घेऊन सहकार्य करावे ही नम्र विनंती. कमिटीच्या आदेशावरून."

व्याकरणात खोट नाही, पण कामाचं काही नाही. किती वाजता? कुठल्या विंगला? मी काय करू? शिवाय फोनच्या पडद्यावर न उघडता दिसतात त्या पहिल्या एक-दोन ओळी, म्हणजे इथे "सर्व सभासदांना कळविण्यात येते की". बाकीची कुणी उघडत नाही. तीच नोटीस अशी लिहा:

"मंगळवार १४ : सकाळी १० ते दुपारी ४ पाणी बंद. ए आणि बी विंग.
गच्चीवरची टाकी धुणार आहेत.
सोमवारी रात्री १० पर्यंत पाणी भरून ठेवा.
चारनंतर नळ पाच मिनिटं सोडा. पहिलं गढूळ पाणी पिऊ नका.
सी विंगचं पाणी चालू राहील.
काही अडलं तर याच नंबरावर लिहा, त्या दिवशी दर तासाला बघणार आहोत."

पहिल्या ओळीत वार, तारीख, वेळ, कुणाला. मग कारण, एकाच ओळीत. मग रहिवाशाने काय करायचं. सी विंगची ओळ वरवर फालतू वाटते. ती नसेल तर सी विंगमधून दहा जण विचारतात. मेसेज फार लांबला तर 'आणखी वाचा' येतं आणि तिथे निम्मे गळतात.

लेटरहेडवर छापून, सही-शिक्का मारून, त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकायची रीत सोडा. फोटोतला मजकूर शोधता येत नाही, चष्म्याशिवाय वाचता येत नाही, आणि दिसत नसलेल्यांना फोन तो वाचून दाखवू शकत नाही. मजकूर टाइप करा, सहीचा कागद हवा तर खाली जोडा. ज्येष्ठांसाठी चाळीस सेकंदांचा आवाजी मेसेजही चालतो, पण मजकुराच्या जोडीला.

वेळ संध्याकाळी सात ते नऊ. दुपारी टाकलेली नोटीस कामावर असलेला माणूस वाचतो आणि घरी येईतो विसरतो. पाणी, वीज, लिफ्ट यांच्या ठरलेल्या कामांना दोन मेसेज: तीन दिवस आधी एक, आदल्या संध्याकाळी एक. अचानक बिघाड झाला तर लगेच कळवा आणि पुढची बातमी कधी देणार तेही सांगा: "ए विंगची लिफ्ट बंद. मेकॅनिकला ६:१० ला फोन केला. पुढचं ७ वाजता कळवतो." सातला काहीच कळलं नसेल तरी सातला लिहायचं: "अजून आला नाही, तो रस्त्यात आहे. पुढचं आठला." ही सवय लागली की लोक गेटवर फोन करायचे थांबतात.

भाषा? मुंबई-पुण्यात, विशेषतः हिंजवडी-खराडीकडच्या नव्या सोसायट्यांत, मराठीखाली हिंदी आणि इंग्रजी लागते. तिन्ही एकाच मेसेजमध्ये कोंबली तर तिसरी भाषा वाचणारा तिथवर पोचत नाही. वेगवेगळे तीन मेसेज करा, लागोपाठ. यंत्राने भाषांतर करून घेतलंत तर ती भाषा बोलणाऱ्या एकाला वाचायला द्या आणि मगच पाठवा.

पैशांची नोटीस वेगळ्या जातीची. तिथे आकडेमोड दाखवलीच पाहिजे: "ए विंग, लिफ्टचे दोर आणि मोटर, तीन कोटेशनांतलं मान्य ३,६०,००० रुपये, ३६ सदनिका, प्रत्येकी १०,०००. दोन हप्ते." लगेच प्रश्न येणार, तळमजल्याने का द्यायचे? आदर्श उपविधींत, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांत, याचं उत्तर आहे: लिफ्टचा देखभाल-दुरुस्ती खर्च त्या इमारतीतल्या सर्व सदस्यांनी सारखा वाटून घ्यायचा, वापर असो वा नसो. हे उत्तर नोटिशीतच लिहून ठेवा, नाहीतर ग्रुपवर तीन दिवस हीच चर्चा चालेल. आणि एक पथ्य कडक पाळा: पैसे भरायचा क्यूआर कोड किंवा खाते क्रमांक कधीही ग्रुपवर टाकू नका. तो बिलावरच असावा. एकदा तशी सवय लागली की कुणी भामट्याने "सोसायटीचं खातं बदललं आहे" म्हणून कोड टाकला तर लोक त्यालाही पैसे पाठवतात.

तक्रार: सगळ्यांत मोठं काम

गप्पांच्या ग्रुपवर "पार्किंगचा दिवा गेलाय" लिहिलं की खाली पंधरा अंगठे येतात, दिवा तसाच. तक्रारीला क्रमांक नसतो, मालक नसतो, म्हणून ती कुणाचीच नसते. उपाय फार जुना आहे, कार्यालयातलं तक्रार रजिस्टर. त्याचीच ऑनलाइन आवृत्ती करा.

सोसायटीच्या नावाच्या जीमेल खात्यातून गूगल फॉर्म बनवा. प्रश्न पाचच: सदनिका, कसली तक्रार (पाणी, वीज, लिफ्ट, सफाई, गळती, सुरक्षा, इतर), नेमकी जागा, कधीपासून, संपर्काचा नंबर. इथे नवे लोक हमखास एक चूक करतात: फोटो जोडायचा प्रश्न टाकतात. तो टाकला की फॉर्म गूगल खात्यात लॉगइन मागतो, आणि पासवर्ड आठवत नसलेला माणूस तिथूनच परत फिरतो. फोटो व्हॉट्सॲपवर मागवा, तक्रार क्रमांक लिहून. ई-मेल गोळा करण्याची सेटिंगही बंद ठेवा.

फॉर्मच्या लिंकचा क्यूआर कोड छापताना फुकटच्या साइटवरून बनवू नका. त्यातले काही कोड काही दिवसांनी पैसे मागतात आणि भिंतीवरचा कागद निकामी होतो. क्रोम ब्राउझर त्या पानाचा क्यूआर स्वतः बनवून देतो. बाजू पाच सेंटिमीटरहून लहान नको, वर लॅमिनेशन. लावायचा कुठे? लिफ्टमध्ये लावावासा वाटतो, सगळेच लावतात. पण लिफ्टमध्ये नेटवर्क नसतं. टपालपेट्यांपाशी, गेटवर आणि नोटीस बोर्डावर लावा. शेजारी वहीही ठेवा. वहीतली तक्रार वॉचमन किंवा मॅनेजर संध्याकाळी शीटमध्ये चढवेल.

शीटमध्ये तुमचे चार रकाने जोडा: क्रमांक, कुणाकडे दिली, स्थिती, बंद झाल्याची तारीख. स्थितीला तीन शब्द पुरतात: आली, कामाला दिली, झाली. मग दोन नियम. चोवीस तासांत तक्रारदाराला क्रमांक कळवायचा, काम होवो न होवो. आणि दर रविवारी संध्याकाळी सूचना ग्रुपवर हिशेब टाकायचा:

"या आठवड्यात आलेल्या तक्रारी ११. झाल्या ८. बाकी ३:
४७ – बी विंग गच्चीची गळती. पाऊस थांबल्याशिवाय वॉटरप्रूफिंग होत नाही, तोवर ताडपत्री घातली.
५१ – मागच्या गेटचा दिवा. वायर जळली आहे, इलेक्ट्रिशियन गुरुवारी.
५२ – कुत्र्यांचा त्रास. दोन्ही बाजूंना शनिवारी बोलावलं आहे."

झालेल्या आठांचं कौतुक करत बसू नका. लोक वाचतात ती 'बाकी'ची यादी. नव्या कमिट्या नेमकी तीच लपवतात, बदनामी होईल म्हणून. तिथे कारणासकट तीन ओळी लिहिल्या की चौथी तक्रार फॉर्मवर येते, ग्रुपवर नाही. सलग सहा रविवार न चुकता टाका. एक रविवार चुकला तर सोमवारी टाका. दोन चुकले तर लोक पुन्हा चेअरमनच्या दारावर.

व्यक्तीविषयीची तक्रार या शीटमध्ये नको. वरच्या मजल्यावरचा आवाज, घरातली मारहाण, वॉचमनचं वागणं, या गोष्टी सेक्रेटरीला फोनवर किंवा लेखी. सीसीटीव्हीचे तुकडेही ग्रुपवर नकोत, चोर पकडायचा असला तरी. ते पोलिसांकडे द्यायचे.

वाचणारे मोजा

सूचना ग्रुपमधला आपला मेसेज दाबून धरा आणि 'माहिती' बघा: कुणी वाचला, कुणाला फक्त पोचला, हे नावानिशी दिसतं. ज्यांनी निळ्या खुणा बंद ठेवल्या आहेत त्यांचंही ग्रुपमध्ये दिसतं. मोजणी माणसांची नको, सदनिकांची करा. नवरा-बायको-मुलगा तिघांनी वाचलं तरी घर एकच. ७२ पैकी चोवीस तासांत ६० घरं झाली तर पद्धत बसली समजा. ४० वर अडकलात तर नोटिशीची पहिली ओळ आणि पाठवायची वेळ आधी तपासा.

उरलेली बारा घरं मजल्याच्या प्रतिनिधीकडे द्या. त्यानं इंटरकॉमवर सांगायचं: "काकू, उद्या दहाला पाणी जाणार बरं का, भरून ठेवा." ओरडा नाही, ग्रुपवर नावं नाहीत. तीन-चार नोटिशी तीच घरं सुटत असतील तर यादीतल्या 'कसं कळवायचं'मध्ये त्यांच्यापुढे 'फोन' लिहा आणि विषय संपवा. व्हॉट्सॲप न वापरणं हा काही गुन्हा नाही.

बोलतं करायचं

"सभासदांनी आपली मतं कळवावीत" याला कुणी कळवत नाही, आणि कळवलंच तर नेहमीचेच चौघं. प्रश्न लहान, उत्तर सोपं आणि मुदत जवळची ठेवा: "उन्हाळ्यात टँकर सकाळी ६ ला बोलवायचा की ७ ला? गुरुवारी रात्री ९ पर्यंत सांगा." व्हॉट्सॲपच्या पोलमध्ये बारा पर्याय देता येतात, तुम्ही तीनच द्या, तिसरा 'काहीही चालेल'. तो नसला की ज्याला फरक पडत नाही तो काहीतरी दाबतो आणि निकाल खोटा निघतो. निकाल लागला की दोन दिवसांत काय ठरलं ते लिहा, उलट ठरलं असेल तर कारणासकट: "जास्त मतं ७ ला होती, पण टँकरवाला ६ नंतर येत नाही." मत विचारून गप्प बसणं हे न विचारण्याहून वाईट.

पोल म्हणजे ठराव नव्हे, हे कमिटीनेच आधी पक्कं समजून घ्यावं. पोलमध्ये भाडेकरू मत देतो, एका घरातले तिघे देतात, आणि कुणी काय दिलं ते सगळ्यांना दिसतं. सहकार कायद्यात एका सदस्याला एक मत, आणि निर्णय सभेत. रंगाची छटा पोलवर चाचपून बघा. रंगकामाचा खर्च सभेतच मंजूर करा. पुनर्विकासाचा तर विषयही ग्रुपवर चघळू नका. त्याची रीत शासनाच्या ४ जुलै २०१९ च्या निर्देशांत लिहिलेली आहे, सभेच्या चित्रीकरणासकट.

गप्प घरांकडे वेगळं जावं लागतं. पाणी, कचरा, लहान मुलांचं खेळणं यांचं सगळ्यात जास्त ज्यांना कळतं त्या बायका ग्रुपवर क्वचित लिहितात, कारण लिहिलं की कुणीतरी अंगावर येतं. त्यांना सोसायटीच्या नंबरावर थेट लिहायला सांगा आणि मुद्दा नाव न घेता पुढे मांडा. परदेशात राहणाऱ्या मालकांना प्रश्न पाठवायला दोन दिवस जास्त द्या. आपल्या रात्री आठला दुबईत साडेसहा आणि उन्हाळ्यात न्यू यॉर्कला सकाळचे साडेदहा वाजलेले असतात, माणूस कामावर असतो.

भांडण पेटलं तर ॲडमिनने बाजू घेऊ नये. एक मेसेज: "हा विषय इथे थांबवू, दोघांशी आज फोनवर बोलतो." मग खरंच फोन करायचा. शिवीगाळ किंवा जातधर्मावरचा मजकूर ॲडमिन सगळ्यांसाठी पुसू शकतो, लगेच पुसावा. सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुराबद्दल, संगनमत नसेल तर, केवळ ॲडमिन आहे म्हणून त्याला दोषी धरता येत नाही असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलं आहे. म्हणून पुसण्यात हयगय करावी असा त्याचा अर्थ नाही. लग्नपत्रिका किंवा चलान म्हणून येणाऱ्या 'एपीके' फाइलीही (फोनवर ॲप बसवणाऱ्या) अशाच ताबडतोब पुसायच्या. त्या उघडल्या की फोन दुसऱ्याच्या ताब्यात जाऊ शकतो.

थकबाकीदारांची यादी ग्रुपवर टाकायची का? टाकू नये. भाडेकरूपुढे मालकाची थकबाकी उघडी पडते, हिशेबात चूक निघाली तर कमिटीच तोंडघशी पडते, आणि वसुली त्याने होत नाही. प्रत्येकाला स्वतंत्र पत्र, रक्कम, व्याजाचा हिशेब आणि तारखेसह.

वार्षिक सभा आली की

मार्चअखेरच्या हिशेबाची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची आणि नोटीस पूर्ण १४ दिवस आधी द्यायची. ही नोटीस तुमच्या उपविधींत सांगितलेल्या मार्गानेच द्या आणि पोच घ्या. ग्रुपवरचा मेसेज त्याच्या जोडीला असतो, जागी नव्हे. "व्हॉट्सॲपवर टाकली होती" हे उत्तर सहकार खात्याच्या उपनिबंधकांपुढे टिकेल अशा भरवशावर राहू नका.

ऑनलाइनचा खरा उपयोग त्या चौदा दिवसांत होतो. पहिल्या दिवशी अजेंडा साध्या भाषेत, विषयागणिक एक ओळ. सातव्या दिवशी ताळेबंदातले मोठे पाच खर्च, मागच्या वर्षीच्या आकड्यांसह. दहाव्या दिवसापर्यंत प्रश्न लेखी मागवा, बाराव्या दिवशी उत्तरं टाका. सभेत मग पंपाच्या बिलावर पाऊण तास जात नाही. गणसंख्या, म्हणजे सभा भरायला लागणारी किमान हजेरी, एकूण सदस्यांच्या दोन तृतीयांश किंवा २०, यांतली कमी ती. ७२ जणांच्या सोसायटीत २० माणसं. आदल्या संध्याकाळी मजल्याच्या प्रतिनिधींनी प्रत्येकी तीन घरांना फोन केले तर वीस होतात. सभेनंतर दोन दिवसांत काय ठरलं ते दहा ओळींत टाका. रीतसर इतिवृत्त त्याच्या वाटेने जाईल.

कमिटी बदलताना

जुन्या कमिटीने नव्याला चार्ज देताना दप्तराबरोबर या गोष्टी द्यायच्या, आणि यादीवर दोघांच्या सह्या: सोसायटीचं सिम आणि फोन, व्हॉट्सॲपचा सहा आकडी पिन, जीमेलचा पासवर्ड आणि त्याला जोडलेला पर्यायी नंबर, सदस्यांची शीट, तक्रारींची शीट, ग्रुपच्या ॲडमिनांची नावं. जुन्यांचं ॲडमिनपद त्याच दिवशी काढा. शीट स्वतःच्या खासगी खात्यात उतरवून ठेवली असेल तर तीही पुसायला सांगा.

सिमचा रिचार्ज कुणी करायचा हेही लिहून ठेवा. रिचार्ज चुकला की नंबर काही महिन्यांनी दुसऱ्याच कुणाला मिळतो, आणि १२० दिवस न वापरलेलं व्हॉट्सॲप खातं पुसलं जातं. तारीख मॅनेजरच्या कॅलेंडरवर, लिफ्टच्या एएमसीच्या (वार्षिक देखभाल कराराच्या) तारखेखाली टाका.